पहिली पोस्ट उत्तर म्हणून नको

(महाविद्यालयीन तरुण-तरुणींसाठी झालेल्या एका दिवसाच्या शिबिरातील भाषणाचा लिखित मजकूर)



आजचा माझा विषय आहे, 'इन्स्टाग्रामवर सुरुवात कशी करावी'. संयोजकांनी तो जाहीर केला तेव्हा मागच्या रांगेत हसू झालं. बरोबरच आहे. इथे बसलेल्या जवळपास सगळ्यांच्या फोनमध्ये इन्स्टाग्राम आहे. मी उभी राहीपर्यंत तुम्ही तेच बघत होता. पण आता मला हात वर करून सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी तिथे स्वतःचं काही टाकलंय? म्हणजे स्वतः लिहिलेलं, स्वतः टिपलेलं, स्वतःच्या तोंडून सांगितलेलं? लग्नातले फोटो आणि दुसऱ्याच्या गाण्यावरची रील सोडून.

बघा, हात थोडेच आहेत. म्हणजे आपण नवशिकेच आहोत. कित्येक वर्षं बघतोय, पण बोलायला अजून सुरुवात केलेली नाही. मी आज बोलणार आहे ते त्या सुरुवातीबद्दल.

माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी मिरजेची. शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली काही वर्षं सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांच्या कामाबद्दल इन्स्टाग्रामवर एक छोटं खातं चालवते. फॉलोअर कसे वाढवायचे, पैसे कसे मिळवायचे हे मी सांगणार नाही. ते शिकवणारे तिथेच पुष्कळ आहेत. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि बाकीचं सगळं तिच्याभोवती आहे. ती गोष्ट अशी: तुमची पहिली पोस्ट कुणाला दिलेलं उत्तर असू नये.

असं का म्हणते ते ऐका. आपल्या मुलांची सुरुवात बहुधा अशी होते. खातं उघडलेलं असतं, पण रिकामं. एके रात्री समोर एक रील येते. कुणीतरी कॅमेऱ्यासमोर बसून आपल्याबद्दल वाटेल ते बोलतोय आणि खाली हजारो लाईक आहेत. रक्त उसळतं. मुलगा कॉमेंट लिहितो. त्यावर दहा जण तुटून पडतात. मग तो स्टोरी टाकतो. मग मित्र म्हणतात, भाई, अजून एक टाक. दोन महिन्यांनी त्याचं खातं उघडून बघा. ते आरोपीचा पिंजरा झालेलं असतं. आम्ही असे नाही, आम्ही तसे नाही, आम्ही देशासाठी हे केलं, ते केलं. विषय कुणी ठरवला? समोरच्याने. प्रश्न कुणाचे? समोरच्याचे. आपल्या मुलाकडे राहिली फक्त उलटतपासणीला उत्तरं द्यायची जागा. तो शिकतोय काय, त्याला कशाची आवड आहे, त्याच्या गावात पाणी किती दिवसांनी येतं, यातलं एक अक्षर त्या खात्यावर नसतं.

आणि यात एक तांत्रिक बाब आहे, ती नीट समजून घ्या. तुम्ही कोणत्या रीलवर किती वेळ थांबलात, कशाला लाईक केलं, कुठे कॉमेंट लिहिली, काय दुसऱ्याला पाठवलं, यावरून पुढे तुम्हाला काय दाखवायचं ते इन्स्टाग्रामचं यंत्र ठरवतं. द्वेषाची रील तुम्ही तीनदा पाहिली, कारण तुम्हाला तिचा मुद्दा खोडायचा होता. खाली लांबलचक कॉमेंट लिहिली. ती चार मित्रांना पाठवली, 'बघ हा काय बोलतोय' म्हणून. तुमच्या मनात संताप होता. यंत्राच्या हिशोबात ती तुमची आवड झाली. उद्या तुम्हाला तशाच पाच रील येणार. आणि ज्या रीलवर तुम्ही भांडलात, ती आणखी लोकांपर्यंत जाणार. म्हणजे शिवी देणाऱ्याचा प्रचार आपणच फुकटात केला.

आता तुमच्यातला कुणीतरी मनात म्हणत असेल, मॅडम, म्हणजे गप्प बसायचं का? अन्याय दिसला तरी सतारीचे फोटो टाकायचे का? नाही. मी क्रम सांगतेय. ज्याने सहा महिने स्वतःच्या कामाबद्दल, गावाबद्दल, अभ्यासाबद्दल सांगितलंय, त्याला दोनशे-तीनशे माणसं ओळखायला लागतात. त्यात वेगवेगळ्या जातीधर्मांची असतात, कारण त्या विषयात रस असणारा कुणीही येतो. मग एक दिवस तो अन्यायाबद्दल चार वाक्यं लिहितो, तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं, अरे, हा आपला तो भोपळ्यांवर लिहिणारा मुलगा. हा काय म्हणतोय ते ऐकू या. अनोळखी खात्याने तेच वाक्य लिहिलं तर ते गर्दीतला एक आवाज ठरतं. ओळख आधी, तक्रार नंतर. आपल्या मोहल्ल्यातही असंच चालतं ना? नवीन राहायला आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी भांडण काढलं तर त्याची बाजू खरी असूनही कुणी ऐकत नाही.

तर आता कामाला लागू. खातं कसं सुरू करायचं?

पहिली पायरी, विषय. कागद घ्या आणि लिहा: मला असं काय माहीत आहे, जे माझ्या वर्गातल्या चाळीस जणांपैकी पस्तीस जणांना माहीत नाही? घाबरू नका, प्रत्येकाकडे असतं. तुमचे अब्बा मालेगावात यंत्रमाग चालवत असतील तर बीम म्हणजे काय, सूत तुटलं की काय करतात, वीज गेली की पाळीचं काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. दापोलीकडच्या मुलाला मासळीच्या लिलावाची भाषा माहीत आहे. सोलापूरच्या मुलीला घरातली दखनी आणि बाहेरची मराठी यांच्यात शब्द कसे ये-जा करतात ते माहीत आहे. कुणी सीएचा अभ्यास करतंय, कुणी नर्सिंगचा. तो अभ्यासच विषय होऊ शकतो.

माझंच उदाहरण देते. मिरजेत सतारी जवळपास पावणेदोनशे वर्षांपासून बनतात. हत्यारं घडवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या शिकलगार कुटुंबांतले लोक या कामात आले आणि पुढे त्यांचं आडनावच सतारमेकर झालं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा इतका बारकाईने घासावा लागतो की तार तिला हलकेच घासून जाते आणि तिथे सुताचा धागा सरकवला की आवाज उमलतो. त्याला जवारी म्हणतात. जवारी कानाने लावतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गाणं ऐकणाऱ्या लाखो लोकांना ही जवारी कुणाच्या हातची आहे ते माहीत नव्हतं. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हाच माझा विषय झाला. त्या खात्यावर मी एकदाही लिहिलेलं नाही की मुसलमानांनी या देशाच्या संगीताला काय दिलं. लिहायची गरज पडली नाही. चाचांचे हात दिसतात, कानस दिसते, मागे भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं. बघणाऱ्याला जे कळायचं ते कळतं.

दुसरी पायरी, नाव आणि ओळख. युजरनेम असं घ्या जे फोनवर तोंडी सांगता येईल. आकडे, तीन-तीन अंडरस्कोर नकोत. 'किंग', 'नवाब', 'बादशाह' तर मुळीच नको, उद्या नोकरीच्या मुलाखतीत कुणीतरी ते खातं उघडणार आहे. बायोत एक वाक्य पुरे: कोण, कुठला, कशाबद्दल लिहितो. फोन नंबर लिहू नका. कॉलेजचं नाव आणि वर्ग लिहू नका. गावाचं नाव चालेल, गल्लीचं नको.

तिसरी पायरी, कुलूप. घर बांधताना दार आधी बसवतात, पडदे नंतर. पासवर्ड नवीन घ्या, जीमेलचा तोच इथे नको. सेटिंगमध्ये जाऊन टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन सुरू करा, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी दुसरा कोड लागतो. तो कोड कुणी मागितला, अगदी मित्राच्या खात्यावरून मागितला, तरी द्यायचा नाही. बहुतेक वेळा त्या मित्राचं खातं आधीच चोरीला गेलेलं असतं. फोनमधले संपर्क जोडू का, असं ॲप विचारेल. नाही म्हणा. टॅग आणि मेन्शनच्या सेटिंगमध्ये तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांनाच परवानगी ठेवा, नाहीतर कुणीही तुम्हाला कुठल्याही घाणीत ओढून नेईल. 'हिडन वर्ड्स' नावाची सोय आहे. तिथे नको असलेले शब्द टाकले की त्या शब्दांच्या कॉमेंट लपतात. आपल्याला ज्या शिव्या मिळतात त्या देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही प्रकारे टाका. यादी करताना लाजू नका, एकदाच करायची आहे.

पहिला महिना खातं खाजगी ठेवा. पंधरा-वीस ओळखीची माणसं घ्या आणि हात बसू द्या. मग सार्वजनिक करा. क्रिएटर खातं केलंत तर कोणती पोस्ट किती जणांनी पाहिली याचे आकडे मिळतात, पण ते खातं खाजगी ठेवता येत नाही. म्हणून ती घाई नको.

चौथी पायरी, आधी ऐकणं. खाजगी महिन्यात तुमचा फीड साफ करा. नको ते आलं की 'रस नाही' हे बटण दाबा आणि पुढे जा, थांबू नका. तुमच्या विषयावरची चांगली खाती शोधून फॉलो करा, त्यात मराठी खाती मुद्दाम घ्या. त्यांच्या पोस्टखाली नीट वाचून खरी कॉमेंट लिहा. 'मस्त' आणि आगीचं चिन्ह ही कॉमेंट नव्हे. 'तुम्ही म्हणालात तसं आमच्याकडे होत नाही, आमच्याकडे असं करतात', ही कॉमेंट झाली. माझ्या खात्यावर आज जी जाणती माणसं आहेत, त्यांतली निम्मी अशा कॉमेंटमधून ओळखीची झाली. ॲपमध्ये 'फॉलोइंग' असा पर्याय मिळतो. तिथे फक्त तुम्ही निवडलेली माणसं दिसतात, नवीन आधी. रोज सुरुवात तिथून करा.

पाचवी पायरी, पहिल्या नऊ पोस्ट. नऊ का? तुमच्या खात्यावर येणारा माणूस पहिल्या काही चौकोनांकडे बघतो आणि थांबायचं की नाही ते ठरवतो. म्हणून आधी नऊ पोस्टची यादी वहीत करा आणि मग आठवड्याला दोन या हिशोबाने टाका. महिन्याभरात होतात. सगळ्या एकाच विषयावरच्या. त्यात निदान दोन पोस्ट दुसऱ्या माणसाबद्दल असू द्या: तुमची शिक्षिका, दुकानाचे मालक, कारागीर. ज्याचा फोटो घ्याल त्याला आधी विचारा आणि टाकण्यापूर्वी दाखवा. लहान मुलांचे चेहरे शक्यतो नकोच. कॅप्शनमध्ये पहिली ओळ महत्त्वाची, कारण बाकीचं 'आणखी' दाबल्याशिवाय दिसत नाही. कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे एक छोटा निबंध बसतो. पण पहिल्या ओळीत माहिती द्या, उपदेश नको. रीलमध्ये बोलत असाल तर खाली मराठी शब्द द्या. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही ते वाचता येतं.

रील करायला ड्रोन, माइक, दिवे लागत नाहीत. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि काही दिवसांतच इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या. टिकटॉकवर तालुक्याच्या गावातली, शेतातली, झोपडपट्टीतली मुलं साध्या फोनवर जे करत होती, त्यातल्या पुष्कळांनी तेच इथे आणलं. मालेगावचं तर काय सांगायचं! तिथल्या पोरांनी मोबाइल कॅमेरे येण्याच्या आधी, हाताशी असलेल्या सामानावर, सायकलला कॅमेरा बांधून, आख्खे सिनेमे काढले आणि आपल्याच गावाला दाखवले. त्यांच्यावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट आला. मालेगाव हे नाव वर्तमानपत्रात कोणत्या बातम्यांसोबत यायचं ते तुम्हाला माहीत आहे. त्या पोरांनी त्या बातम्यांना उत्तर दिलं नाही. आपला सिनेमा काढला.

सहावी पायरी, भाषा. मराठीत लिहा, देवनागरीत लिहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आपण साडेअकरा टक्के आहोत. उरलेल्या साडेअठ्ठ्याऐंशी टक्क्यांपैकी बहुतेकांशी आपलं रोजचं बोलणं मराठीतूनच होतं. बसमध्ये, बाजारात, तलाठ्याकडे. मग इन्स्टाग्रामवर आपण अचानक इंग्रजी का फाडतो? उर्दू लिहा, हिंदी लिहा, त्यावर माझं प्रेम आहे. पण शेजाऱ्याशी बोलायचं असेल तर शेजाऱ्याच्या भाषेत, जी आपलीही आहे. शेख महंमदांपासून अमर शेखांपर्यंत मुसलमानांनी मराठीत लिहिलंय, गायलंय. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आपल्याकडे पिढ्यांची मराठी आहे. फोनमध्ये मराठी कीबोर्ड टाकायला दोन मिनिटं लागतात. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर चुकू द्या, कुणी सांगितलं तर आभार मानून दुरुस्त करा.

आता थोडं कठीण बोलते. मुलींशी आधी.

१ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावा'साठी लावले गेले. त्याच्या आधी, २०२१ मध्ये, 'सुल्ली डील्स' झालं होतं. ते फोटो त्या स्त्रियांच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांतून उचललेले होते. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, बोलणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांनी तक्रारी केल्या, आणि बुल्ली बाई प्रकरणात मुंबई पोलिसांनी काही दिवसांतच पहिली अटक केली. पकडलेले कोण होते? तुमच्या वयाची, विशीच्या आसपासची पोरं. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. दोन गोष्टींसाठी सांगते. एक, लाज त्यांची होती, फोटो टाकणाऱ्या स्त्रियांची नव्हती. दोन, तक्रार केली तर काम होतं.

म्हणून काही झालं तर ब्लॉक करण्यापूर्वी स्क्रीनशॉट घ्या, खात्याची लिंक आणि तारीख लिहून ठेवा. मग इन्स्टाग्रामला रिपोर्ट करा. मग एका मोठ्या माणसाला सांगा, त्याच दिवशी सांगा. सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. पैशाची फसवणूक झाली तर १९३० हा नंबर आहे, तो आत्ताच फोनमध्ये साठवा. कुणी तुमच्या फोटोवरून धमकी देत असेल तर त्याचं पहिलं हत्यार हेच असतं की तू घरी सांगणार नाहीस. ते हत्यार काढून घ्या.

चेहरा दाखवायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. माझ्या ओळखीची एक मुलगी फक्त हात आणि आवाज वापरून मेंदी आणि भूमिती यांच्यावर सुंदर रील करते. घरून विरोध असेल तर लपून खातं काढू नका, पकडलं गेलं की फोनच जाईल. वहीतली नऊ पोस्टची यादी अम्मीला दाखवा. विषय समोर असला की घरच्यांशी बोलणं सोपं जातं. 'मला इन्स्टाग्राम पाहिजे' यापेक्षा 'मला नानीच्या रेसिपी नोंदवून ठेवायच्या आहेत' याला नाही म्हणणं अवघड असतं.

आणि मुलांनो, आता तुमच्याशी. आपल्या मुलींना त्रास होतो तो सगळा बाहेरून येत नाही. एखाद्या मुलीने भाषणाचा व्हिडिओ टाकला की खाली पहिली कॉमेंट आपल्याच मुलाची असते: 'सिस्टर, दुपट्टा नीट घ्या.' 'माशाअल्लाह, पण गैरमहरमसमोर आवाज नको.' ती पाण्याच्या टंचाईवर बोलतेय आणि हा तिचं डोकं मोजतोय. हे पहारेकरीपण बंद करा. तिला धर्म शिकवायला तिचं घर आहे, ती स्वतः आहे. तुम्हाला तिच्या मुद्द्यावर काही म्हणायचं असेल तर म्हणा. नसेल तर अंगठा आवरा.

शेवटी कायदा आणि आग, या दोन्हींबद्दल. २०१२ साली पालघरमध्ये दोन मुलींना एका साध्या फेसबुक पोस्टवरून आणि ती लाईक केल्यावरून अटक झाली. ज्या ६६ अ कलमाखाली असं होत होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. म्हणजे मत मांडणं हा गुन्हा नाही, हे मनात पक्कं ठेवा. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे. धर्म, वंश, भाषा अशा कारणांवरून गटागटांत वैर पसरवलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यम स्पष्टपणे लिहिलेलं आहे. 'स्टोरी चोवीस तासांत जाते' असं समजू नका. स्टोरी जाते, स्क्रीनशॉट राहतो.

जून २०२३ मध्ये, आमच्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, कोल्हापुरात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. काही मुलांनी राजेरजवाड्यांच्या चित्रांचे वादग्रस्त स्टेटस ठेवले. त्यावरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. स्टेटस ठेवायला एक सेकंद लागला असेल. दुकानं कुणाची फुटली? ज्यांनी तो स्टेटस पाहिलाही नव्हता त्यांची. आणि २ जून २०१४ ला पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या तरुणाला जमावाने मारलं. तो सोलापूरचा, पुण्यात आयटी कंपनीत काम करणारा. फेसबुकवर आक्षेपार्ह मजकूर फिरला होता. मोहसीनचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मारणाऱ्यांचा गुन्हा मारणाऱ्यांचाच आहे, तो कुठल्या पोस्टवर ढकलता येणार नाही. तरीही बोट ठेवण्यापूर्वी मला मोहसीन आठवतो. पोस्ट टाकणारा एक असतो, रस्त्यावर सापडणारा दुसराच कुणी असतो. दुसऱ्याच्या श्रद्धेची, दुसऱ्याच्या महापुरुषाची टिंगल करणारी एकही गोष्ट आपल्या खात्यावरून जाणार नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे. शिवीला शिवी दिली की हिशोब बरोबरीत सुटत नाही.

म्हणून संतापाच्या वेळचा एक नियम. काहीतरी भयंकर समोर आलं, फॉरवर्ड करावंसं वाटलं, तर आधी तो फोटो गूगल लेन्सवर टाकून शोधा. पुष्कळदा तो दुसऱ्या देशातला, दुसऱ्या वर्षातला निघतो. आता तर यंत्राने बनवलेले व्हिडिओही येतात. खरं निघालं तर वहीत लिहा, इन्स्टाग्रामवर नाही. फज्रनंतर किंवा सकाळच्या चहानंतर पुन्हा वाचा. तेव्हाही लिहावंसं वाटलं तर तारीख, ठिकाण आणि मागणी लिहा. 'हे असह्य आहे' याने कुणी हलत नाही. 'अमुक तारखेला अमुक ठिकाणी असं झालं, आमची मागणी अशी आहे' याने निदान एखादा अधिकारी, एखादा पत्रकार, एखादा शेजारी जागा होतो.

आणि ट्रोल आले तर? येतील. प्रामाणिक प्रश्न विचारणाऱ्याला एकदा, सभ्य, पूर्ण उत्तर द्या. दुसऱ्या खेपेला तो फक्त डिवचतोय असं दिसलं तर 'रिस्ट्रिक्ट' करा. मग त्याच्या कॉमेंट त्याला एकट्यालाच दिसतात, तुम्ही मान्य केल्याशिवाय दुसऱ्या कुणाला दिसत नाहीत. त्याला कळतही नाही. तो भिंतीशी भांडत बसतो आणि तुम्ही आपली पुढची पोस्ट लिहिता.

बोलणं संपवते. जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास आहे, त्यात फोन खिशात ठेवून वहीत नऊ ओळी लिहायच्या आहेत. नऊ पोस्ट, नऊ ओळी. एकाही ओळीची सुरुवात 'लोक म्हणतात की मुसलमान...' अशी नको. 'आमच्याकडे', 'मी शिकतोय', 'माझ्या आजीने', 'या यंत्रात', अशी चालेल. लिहिलेली पहिली ओळ शेजारच्याला वाचून दाखवा. त्याने 'मग पुढे?' असं विचारलं, तर ती तुमची पहिली पोस्ट.